अक्कासाठी शाफ्ट

भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर राजकुमारने ताटात पाकीट ठेवलं. उजव्या हाताने. डावा पँटच्या खिशात होता. श्रावणात शेंद्र्याच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर त्याच्या डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट गेलं, तेव्हापासून तो हात खिशातच राहायला गेला होता. जेवताना खिशात, गणपतीच्या आरतीत खिशात, पोरीला शाळेत सोडतानाही खिशात. जखम कधीच भरली होती. कामावरही तो परत रुजू झाला होता. पण चार माणसं जमली की हा कोपरा धरायचा. माझ्या पाठचा भाऊ, लहानपणी अख्खी गल्ली डोक्यावर घेणारा. त्याला असं चोरासारखं बसलेलं बघून माझा जीव तुटायचा आणि संतापही यायचा.

मी पाकीट त्याच्याकडे सरकवलं. "हे नको."

"मग काय, साडी पायजे का?"

"शाफ्ट पायजे. क्यूला लावायचा."

त्याची बायको संध्या लाडू खाता खाता थांबली.

आमचा राजू पूल खेळायचा, म्हणजे टेबलावरचे बॉल लांब काठीने मारायचा खेळ; त्या काठीला क्यू म्हणतात. जालना रोडवर इंद्रजीतचं पूल पार्लर आहे, तिथे याचा डाव सुरू झाला की बाकीची पोरं आपलं टेबल सोडून बघायला यायची. बोट गेल्यावर त्याने आपला क्यू गच्चीवर उघड्यावर भिरकावून दिला. तो मी उचलून घरी आणला होता. मागचा जाड दांडा धड होता, पण पुढची निमुळती काठी, जिला ते लोक शाफ्ट म्हणतात, ती ऊन-पाऊस खाऊन वाकली होती.

"मी खेळायला शिकणार हाय," मी म्हणाले.

"तू? अन् तुझ्या मेसच्या पोळ्या कोण लाटंल?"

"पोळ्या उरकून खेळंन. तुला काय करायचंय? ओवाळणी मागितली, देतो का नाय ते सांग. अन् निवडायचा तूच. मला त्यातलं काय कळतंय?"

ताटापुढे बसून बहिणीला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. त्याच रीतीचा मी सरळ सरळ फायदा घेतला. शाफ्ट नुसता बघून निवडता येत नाही, डाव्या हातातून सरकवून बघावा लागतो, एवढं मला त्याच्याच बडबडीतून ठाऊक होतं. एकदा हात बाहेर निघाला की पुढचं पुढे बघू, असा माझा हिशेब होता.

रविवारी सकाळी जुना दांडा पिशवीत घालून आम्ही दोघं पार्लरमध्ये गेलो. राजूला बघून इंद्रजीत काउंटरमागून धावतच आला.

"अरे राजूभाई! कहां थे इतने दिन? बसा, बसा. तुम्ही काही करू नका, मी दाखवतो ना सगळं."

त्याने खुर्ची पुसली, चहा सांगितला, पंखा वाढवला. पण सारखा छताकडे बघून बोलत होता. खिशाकडे नजर जाऊ नये म्हणून. माणूस चांगला आहे, पण असल्या चांगुलपणाने माझं डोकं फिरतं.

"इंद्रजीत, आजारी नाय तो," मी म्हणाले. "उभा राहू दे त्याला."

इंद्रजीतने पाच-सहा शाफ्ट टेबलावर मांडले. राजूने उजव्या हाताने एकेक लोळवून बघितला. दोन लोळताना उड्या मारत होते, ते वाकडे म्हणून बाजूला काढले. बाकीचे डोळ्याशी धरून टोकापर्यंत न्याहाळले. मग त्याचा आवाज हळूहळू मोकळा झाला.

"ही रेघ बघ, अक्का. लाकडाची रेघ टोकापर्यंत सरळ जायला पायजे. मधीच तिरपी निघाली का आज ना उद्या काठी वाकणार. हा लई देखणा हाय, पण नको."

शेवटी दोन उरले. एक बारीक, एक जरा जाड. दोन्ही सरळ, दोन्हींची रेघ चांगली.

"आता हातात धरून बघावं लागंल," तो म्हणाला. "धर तू."

मी डावा हात टेबलावर ठेवला आणि मिठाची चिमूट घ्यावी तशी बोटं जुळवली. शेजारच्या टेबलावरची पोरं फिदीफिदी हसली.

"अशी नाय गं. तळवा टेक. आता अंगठ्याशेजारचं बोट गोल करून..."

तो तिथेच थांबला. इंद्रजीत पुन्हा छताकडे बघायला लागला.

राजूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तेव्हा मला स्वतःचीच चीड आली. याच्या भल्याचं म्हणून मी याला चारचौघांत उघडं पाडलं. कुणी सांगितला होता हा शहाणपणा?

"राहू दे, राजू," मी म्हणाले. "बारका दे कोणताबी. जाऊ घरी."

"थांब."

त्याने हात खिशातून काढला आणि टेबलाच्या हिरव्या कापडावर ठेवला. किती महिन्यांनी मी तो नीट बघत होते. उरलेलं थोटूक गुलाबी होतं, तान्ह्या लेकराच्या टाचेसारखं. त्याने ते बाजूला राहू दिलं आणि अंगठ्यावर मधलं बोट वाकवून कडं केलं. ते कडं मोठं झालं. बारीक शाफ्ट त्यात डुगडुगला. त्याने दात आवळून पुन्हा सरकवला, पुन्हा डुगडुगला. मग जाड घेतला. तो गेला आणि आला, सरळ. परत गेला, परत आला. इंद्रजीत आता हाताकडेच बघत होता, उघड उघड.

"हा घ्यायचा," राजू म्हणाला.

मी तो घेऊन माझ्या बोटांतून घालून बघितला. माझा हात लहान. शाफ्ट निम्म्यातच अडकला.

"राजू, मला जाड होतोय रं हा."

"व्हय, होणारच." त्याने तो माझ्या हातातून काढून घेतला. "तुझ्यासाठी नाय घेतला. माझा हाय तो."

माझं तोंड कधी बंद पडत नाही, मेसमधली पोरं साक्षीला आहेत. पण तिथे मी पार्लरमधल्या पोरांसमोर टेबलाच्या कडेला धरून हमसून हमसून रडले. राजूने पिशवीतला दांडा काढून त्यावर शाफ्ट फिरवून बसवला आणि इंद्रजीतला बॉल लावायला सांगितलं.

"अक्का, रडायचं तर तिकडं जाऊन रड," तो वाकता वाकता म्हणाला. "इथं मला मारायचंय."

मी बाजूला झाले.