इस्त्रीचा प्लग आणि माझी वाटणी

मित्रांनो, टेबलाखालच्या त्या डब्यातून घर्र घर्र आवाज येतोय ना, ती मीच. मी एक जुनी हार्डडिस्क आहे. माझ्या पोटात चकचकीत तबकड्या आहेत आणि वीज आली की त्या फिरायला लागतात. लोकांच्या पायाला भिंगरी असते म्हणतात. माझं तर अख्खं अंगच भिंगरी. चार स्क्रूंनी आवळून ठेवलंय, तरी स्वस्थ बसणं मला ठाऊक नाही.

माझा जन्म एका पांढऱ्या खोलीत झाला. तिथे धुळीचा कण चालत नसे, म्हणून माणसंही डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली. एका बाईने माझ्यावर झाकण बसवलं आणि मला पुढे सरकवलं. तिचा चेहरा काही मला दिसला नाही. मग पेट्या, ट्रक, दुकान, आणि शेवटी हे दोन बहिणींचं घर.

थोरली ताई बंद केलेल्या बाल्कनीत यंत्रावर स्वेटर विणते. कुठल्या ओळीत कुठल्या रंगाचा टाका, हे सगळं नमुन्यात असतं, आणि तिचे सगळे नमुने माझ्यावर होते. कागदावर एकही नाही. गिऱ्हाईक आलं की ताई डब्यावर हात ठेवून सांगायची, "माझं डोकं इथे आहे, खांद्यावर नुसता शोभेचा माठ." मला अशा वेळी फार बरं वाटायचं. रोज सकाळी ती डब्यावरून फडका फिरवायची. पुढे कामं वाढली, फडका मागे पडला आणि लोकरीचे तंतू माझ्या पंख्यात जाऊन बसले. मी तापायची, कुरकुरायची, पण ऐकतो कोण?

धाकटीला ताई ठमी म्हणते. ती ताईपेक्षा वीतभर उंच झाली, तरी ठमीच. तिला चित्रपटांच्या तळाशी संवादांच्या ओळी लावायचं घरबसल्या काम मिळालं. त्यासाठी नवी सिस्टीम हवी, आणि ताईचा विणकामाचा प्रोग्राम तर जुनीशिवाय चालेना. घरात कॉम्प्युटर एकच.

"ताई, वाटणी करू या," ठमी एका रविवारी जेवताना म्हणाली.

"घरात आहे काय वाटायला?"

"डिस्क. अर्ध्या भागात तुझी जुनी सिस्टीम, अर्ध्यात माझी नवी. सुरू करताना कॉम्प्युटरच विचारेल, कुणाकडे जायचं ते."

"आणि माझे नमुने?"

"केसालाही धक्का लागणार नाही. मी स्वतः हाताने करते."

मित्रांनो, हाताने म्हणजे काय ते सांगते. नवी सिस्टीम बसवताना दोन रस्ते असतात. सगळं तिच्यावर सोपवलं, तर ती नको तिथे हात घालून सरळ सगळं पुसूनही टाकते. दुसरा रस्ता, हद्द आपण आखायची. माझ्यावर रिकामी जागा भरपूर होती, पण ती सलग नव्हती. म्हणून शेवटच्या टोकाचं सामान, म्हणजे ताईच्या फायली, उचलून पुढे आणायचं, सगळं दाटीवाटीने बसवायचं आणि मग मागच्या मोकळ्या जागेत ठमीचं घर बांधायचं. हे सामान हलत असताना वीज जाता कामा नये. गेली, तर एक पाय या घरात, एक त्या घरात, अशी गत.

ठमी तशी काळजी घेणारी पोर. तिने तीनतीनदा वाचून पाहिलं, कुठला भाग लहान करायचा, कुठल्याला हात लावायचा नाही. फक्त आधी नमुन्यांची प्रत काढून ठेवायची, ते तिने केलं नाही. पेनड्राइव्हवर तिची गाणी होती. ती पुसायला तिचा जीव होईना. "कशाला? मी काय पहिल्यांदा करतेय?" असं स्वतःशीच म्हणाली आणि बटण दाबलं. करत होती पहिल्यांदाच.

मी सामान उचलायला लागले. हे इथून काढ, ते तिथे ठेव, पुन्हा मागे पळ. माझी घरघर वाढली. ठमी थोडा वेळ पडद्यासमोर नखं खात बसली, उठली, पुन्हा बसली. मग ताईला काही न सांगता वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेली. इकडे कुणी माऊस हलवला नाही म्हणून पडदा आपोआप काळा झाला.

आता या घराची एक खोड ऐका. बाल्कनीत भिंतीतला प्लग एकच. त्यात एक्स्टेंशन, आणि एक्स्टेंशनवर मी, विणायचं यंत्र आणि दिवा. वाफेची इस्त्री मात्र एक्स्टेंशनवर चालत नाही, लगेच फ्यूज उडतो. म्हणून काम संपलं की ताई कॉम्प्युटर बंद करते, एक्स्टेंशन उपसते आणि तिथे इस्त्री लावते. वर्षानुवर्षांची सवय ती.

ताई दवाखान्यातल्या नर्सबाईंसाठी विणलेले निळे स्वेटर हातावर घेऊन आतून आली. यंत्राच्या खडखडाटानंतर तिला माझी घरघर कधीच ऐकू येत नाही. तिने पडद्याकडे पाहिलं. काळा. तिच्या लेखी मी झोपलेली होते.

मी ओरडले हो, पण माझं ओरडणं म्हणजे काय, टक टक. माझ्या डोक्यात ताईच्या गुलाबाचा अर्धा नमुना होता, अर्धा अजून मागेच. तिने एक्स्टेंशन उपसलं.

ठमी कपड्यांचा ढीग घेऊन खाली आली तेव्हा बाल्कनीत वाफ होती. तिने इस्त्री पाहिली, मग भिंत पाहिली. तिच्या हातातले कपडे खाली पडले.

"काय झालं ग?" ताईने विचारलं. "मी काय केलं?"

"तू काही नाही केलंस," ठमी म्हणाली. मग तिने काळ्या पडद्याकडे बोट दाखवून सगळं सांगितलं.

मला दुरुस्तीवाल्या काकांकडे नेलं. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं. "बाईंचं नशीब, डिस्क जिवंत आहे," ते म्हणाले. "पण नमुने निम्मे हाती लागतील. बाकीच्यांची नुसती नावं येतील, आत काही नाही. प्रत नव्हती का?" "पेनड्राइव्हवर गाणी होती," ठमी म्हणाली.

पुढचे दिवस वाईट गेले. ताई रागावली असती तर बरं झालं असतं. ती बोलेचना. लोकरीचे गुंडे सोडायची, पुन्हा गुंडाळायची. बाल्कनीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालायची. जुनी गिऱ्हाइकं तोच गुलाब, तीच वेल मागायला यायची आणि ती म्हणायची, "आता नाही जमत." त्या नमुन्यांवरच तर घर चालत होतं. मी आत फिरत राहायची आणि मला माझीच लाज वाटायची.

मग एका सकाळी ताई खिडकीतून खाली बघत असताना एकदम थबकली. नाक्यावरचे चावीवाले काका चालले होते, अंगात तिचाच गुलाबाचा स्वेटर. ती तशीच अनवाणी जिना उतरून धावली. थोड्या वेळाने काका आमच्या बाल्कनीत स्टुलावर नुसत्या शर्टावर कुडकुडत बसले होते, हातात चहा.

"परत मिळेल ना?" ते सारखं विचारत होते.

"टाके मोजून झाले की लगेच," ताई म्हणाली. "ठमे, बस. मी सांगते, तू भर."

मित्रांनो, माझ्यावरून जे गेलं होतं ते रस्त्यावर हिंडत होतं, थंडीत लोकांना ऊब देत होतं, आणि आम्ही घरात रडत बसलो होतो. मग काय, कुणाच्या कपाटातून, कुणाच्या अंगावरून स्वेटर यायला लागले. ताई बोटाने टाके मोजायची, ठमी माझ्यावर भरायची. मोजता मोजता दोघी बोलायला लागल्या, नंतर भांडायलाही लागल्या. तेव्हा मला वाटलं, घर पुन्हा रुळावर आलं.

एक नमुना तेवढा सापडेना. ताईने विणलेला पहिलाच, पिवळ्यावर पांढरं बदक. "तो छोटा स्वेटर मी कधीच कुणाला तरी देऊन टाकला असेन," ताई म्हणाली. ठमी उठली, आपल्या बॅगेच्या तळातून एक पिवळं बोचकं काढलं आणि ताईच्या मांडीवर ठेवलं.

"टोचतो टोचतो म्हणून रडायचीस की ग यात," ताई म्हणाली.

"टोचायचाच. बदक मोज आता. आणि चोच वाकडी आहे, ती सरळ करू नकोस."

शेवटी माझी वाटणी झाली, पण तीन भागांत. एक ताईचा, एक ठमीचा आणि मधला दोघींचा सामायिक. त्या दिवशी इस्त्री कपाटाच्या माथ्यावर होती. नमुन्यांची एक प्रत पेनड्राइव्हवर गेली. गाणी ठमीने स्वतःच पुसली.

मित्रांनो, माझ्यासारखीवर तुमचं जे काही असेल, त्याची प्रत दुसरीकडे ठेवा, आणि कुठलाही प्लग उपसण्याआधी घरात एक हाक मारा. जन्मभर मी फिरत राहिले ते भीतीने. मी थांबले की ताईचं सगळं थांबणार, हे मला ठाऊक होतं. आता माझी घरघर वाढलीय, फार दिवस उरले नाहीत. पण वाकड्या चोचीचं ते बदक आता दोन ठिकाणी आहे. आता मी थांबले तरी चालेल.