इंदुमुलावचा फोटो

मॅम मानालास्तास मूळच्या पंपांगाच्या सपाट मुलखातल्या. डोंगरावरच्या बागियो शहरात, विद्यापीठात शिकवायच्या. तिथल्या थंडीत दोन-दोन स्वेटर घालून फिरायच्या, पण विषयावर भारी जीव.

"डिजिटल मानव्यविद्या म्हणजे काय," पहिल्या तासाला त्या म्हणाल्या, "तर जुनी गाणी, जुने कागद, जुने फोटो संगणकाला कळतील असे मांडायचे आणि मग त्याला प्रश्न विचारायचे. एकट्या माणसाला जन्मभरात दिसणार नाही ते तो दाखवतो."

"मॅम, परीक्षेत काय येणार तेही दाखवतो का?" मागून जेरविनने विचारलं.

"तुझे मार्क दाखवतो. गप्प बस."

वर्ग हसला. इफुगावच्या डोंगरातून शिकायला आलेली रोझेन पिंकिहानही हसली. हा विषय आपल्याला आवडणार, असं तिला वाटून गेलं.

परदेशातल्या एका संग्रहालयाने डोंगरी लोकांचे शंभर वर्षांपूर्वीचे फोटो स्कॅन करून विद्यापीठाला पाठवले होते. मुलांनी त्यांना टॅग लावायचे: बाई की पुरुष, अंगावर काय, गाव कुठलं. मग वेबसाइट उघडणार, जगात कुणीही ते बघणार. उद्घाटनाला परदेशी पाहुणे येणार होते, त्यामुळे डीनसाहेब रोज लॅबमध्ये डोकावून जायचे.

रोझेनने तिच्या वाट्याचा एक फोटो उघडला आणि तिचा हात तिथेच थांबला. उघड्या अंगाची एक तरुण पोरगी जमिनीवर बसलेली. दंडांवर गोंदण. शेजारी उंची मोजायची काठी रोवलेली. खाली लिहिलेलं: 'डोंगरी स्त्री, नमुना चौदा.'

हा फोटो तिच्या ओळखीचा होता. बागियोच्या बाजारात तो पोस्टकार्डावर विकायचे. ती लहान असताना बापाने हौसेने एक घरी नेलं होतं, आणि तिच्या आजीने, आपुने, ते उचलून चुलीत घातलं होतं. "माझ्या आईला उन्हात बसवलंय त्यांनी," एवढंच ती बोलली होती.

रोझेनने टॅगच्या चौकटीत नाव लिहिलं: इंदुमुलाव. संगणकाने ते घेतलं नाही. ठरवून दिलेल्या शब्दांपैकीच एक निवडा, असं तो सांगत राहिला. बाई. अर्धनग्न. गोंदण. नमुना.

"मॅम, याला नाव चालत नाही."

"यादीतलं काहीतरी निवड ना. तो शब्द त्याला माहीत नाही."

"शब्द नाहीये तो. माझी पणजी आहे."

मॅम जवळ आल्या, फोटो बघितला, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "रोझेन, म्हणूनच तर हे करतोय आपण. हे फोटो परदेशात कपाटात कुजत होते. आता सगळ्यांना खुले होतील."

"तेव्हाही सगळ्यांनी बघितलंच की तिला. तिला कुणी विचारलं का?"

मॅम जरा कडक झाल्या. "पुढच्या तासापर्यंत टॅग पूर्ण पाहिजेत."

रोझेन शुक्रवारच्या बसने गावी गेली. आपु अंगणात राजमा सोलत बसली होती. नव्वदीला आली होती, पण नजर शाबूत. रोझेनने फोनवर फोटो दाखवला. आपुने तो हातात घेतला.

"मूठभर मीठ दिलं होतं त्या गोऱ्याने," ती म्हणाली. "मिठासाठी बसली. उठायचं म्हणाली तर उठू दिलं नाही. मरेपर्यंत सांगायची."

"काढून टाकायला लावू का, आपु?"

"का म्हणून? काढलं की ती नव्हतीच, असं होईल. ती होती. तू तिला झाक. नाव लिही, मिठाचं लिही. आणि ज्याला बघायची हौस असेल त्याला म्हणावं, वर चढून ये आणि मला विचार."

सोमवारी रोझेनने तसंच केलं. जेरविनला संगणकातलं बरंच कळायचं. त्याने शब्दांची यादी मोडून चौकट मोकळी करून दिली. फोटोच्या जागी काळा चौकोन आला. खाली ओळी: 'इंदुमुलाव. मूठभर मिठासाठी उन्हात बसली. उठू दिलं नाही. बघायचं असेल तर तिच्या लेकीला घरी येऊन विचारा.'

वर्गातल्या पोरांनी ते वाचलं. मग शेजारच्या डोंगरातल्या कालिंगाच्या एका मुलाने आपल्या गावच्या माणसाचा फोटो झाकला. दुसऱ्या एका मुलीने गावी फोन लावून विचारलं. तिच्या घरच्यांनी सांगितलं, पणजोबा ऐटीत उभे आहेत, दिसू देत जगाला. तो फोटो उघडा राहिला. मॅमना हे सगळं दिसत होतं. त्यांनी टॅगची मुदत वाढवून दिली.

उद्घाटनाच्या दिवशी डीनसाहेबांनी पडद्यावर वेबसाइट उघडली तर निम्म्याहून जास्त चौकोन काळे. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले.

"हे कुणी केलं?" डीनसाहेबांनी दातओठ खात विचारलं.

रोझेन उठली. "मी सुरुवात केली, सर."

"आत्ताच्या आत्ता पूर्ववत कर."

"नाही करणार, सर."

"मग हा वर्ग सोडावा लागेल तुला."

तेवढ्यात मॅम उभ्या राहिल्या. "सर, या फोटोतल्या माणसांची ओळख पटवा, असं काम मीच दिलं होतं. मुलांनी ते माझ्यापेक्षा चांगलं केलंय. तिला काढणार असाल तर आधी मला काढा."

डीनसाहेबांनी मॅमचं म्हणणं शब्दशः घेतलं. पुढच्या सत्रात तो विषय दुसऱ्या कुणाकडे गेला आणि विद्यापीठाने वेबसाइट बंद केली. जेरविनकडे सगळ्याची प्रत होती; मुलांनी ती दुसरीकडे चढवली, काळ्या चौकोनांसकट. संग्रहालयाने कडक शब्दांत विचारणा केली. रोझेनने त्यांनाही आपुचा पत्ता पाठवून दिला.

वर चढून पहिल्या आल्या त्या मॅम मानालास्तास. धापा टाकत, चिखलाने भरलेल्या बुटांनी, हातात कॉफीची पुडी आणि पाव. अंगणात उभ्या राहून त्यांनी नीट विचारलं, "आपु, मागे न विचारताच बघितला होता. आता विचारते, तुमच्या आईचा फोटो बघू का?"

आपुने त्यांना बसवलं. भात, राजमा, खारवलेलं डुकराचं मांस वाढलं. पोटभर जेवू दिलं. मग म्हणाली, "नाही."

मॅमनी रोझेनकडे बघितलं. रोझेनने खांदे उडवले.

"बरं," मॅम म्हणाल्या, आणि त्यांनी अजून थोडा भात मागितला.