उस्तादाने बाद ठरवलेला सेन्सर

मी एक जुना सेन्सर आहे. गाडीच्या मागच्या डाव्या चाकापाशी माझा मुक्काम. काडेपेटीएवढा देह आणि एक छोटा दांडा, एवढेच माझे भांडवल. चाक वरखाली झाले की दांडा हलतो आणि गाडी किती उंचीवर आहे, ते मी आतल्या कॉम्प्युटरला कळवतो. मग तो चाकावर गाडी पेलणाऱ्या रबरी फुग्यात हवा भरतो किंवा सोडतो. अकरा वर्षे चिखल खाल्ला, पण खोटे बोललो नाही. मित्रांनो, म्हणून तर माझा राग अजून शमत नाही.

मालकीणबाई रोज आपल्या आईला दवाखान्यात व्यायामासाठी नेत. आजींच्या मणक्याचे ऑपरेशन झाले होते, आणि मागची डावी जागा त्यांची ठरलेली. एकदा माझ्या चाकावरच्या कमानीतले, चिखल अडवणारे प्लास्टिकचे अस्तर फाटले. गॅरेजच्या उस्तादाने नवे बसवले. दुसऱ्या दिवसापासून गाडी डावीकडे खचू लागली आणि प्रत्येक खड्ड्यात आजी कळवळू लागल्या.

उस्तादाला मीटर लावण्यात कमीपणा वाटे. तो पान्याने टकटक करून कान लावायचा. माझ्यावर दोन टोले हाणून म्हणाला, "सेन्सर गेला. माझा कान कधी चुकत नाही."

मला उपटून भंगाराच्या डब्यात फेकले. माझ्या जागी कोरा करकरीत सेन्सर आला. चार दिवस बरे गेले, गाडी पुन्हा खचली. मग आणखी एक नवा आला, त्याचीही तीच गत. डब्यात पडल्यापडल्या मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. म्हटले, आता बस बोंबलत!

शेवटी मालकीणबाईंनी एक इलेक्ट्रिशियन गाठली. तिला सगळे मीटरताई म्हणत. काढलेला जुना भाग आणल्याशिवाय ती गाडीला हात लावत नसे, म्हणून मी डब्यातून सुटलो. तिने मला मीटर जोडला आणि दांडा हळूहळू फिरवला. आकडा एकदाही न अडखळता चढत गेला.

"हा तर ठणठणीत आहे," ती म्हणाली. "दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!"

मग ती तारेचा माग काढत गेली. नव्या अस्तराचा स्क्रू थेट तारेत घुसला होता; सेन्सर बदलताना तार हलली की चार दिवस जोड लागे, मग पुन्हा तुटे. उस्तादाने स्वतःच्या हाताने पिळलेला स्क्रू!

ती पक्कड घेऊन वाकली, तेवढ्यात आजी म्हणाल्या, "थांब गं. आज राहू दे."

मीटरताईला सोबत घेऊन गाडी तशीच गॅरेजवर आली. आजी सावकाश उतरल्या.

"बसा माझ्या जागेवर," त्या उस्तादाला म्हणाल्या. "लेक चालवेल."

लेकीने एकही गतिरोधक चुकवला नाही, एकही खड्डा टाळला नाही. मी पुढे डॅशबोर्डवर होतो. उस्तादाची प्रत्येक 'आई गं' मी मिटक्या मारत ऐकली. परतल्यावर तो कंबर धरून उतरला. मालकीणबाईंनी त्याला स्क्रू दाखवला. त्याचा चेहरा पडला.

"चुकलं माझं, आजी. किती दिवस असं बसत होता?"

"दीड महिना."

मीटरताईने तार जोडली आणि मला पुन्हा माझ्या जागी बसवले. आजींनी उस्तादाला माफ केले. मी केलेले नाही, करणारही नाही. मित्रांनो, कुणालाही बाद ठरवण्याआधी नीट तपासून बघा. आणि तेवढा धीर नसेल, तर आधी आजींच्या जागेवर बसून या.