मी बिनआवाजाची बेल

मी बिनआवाजाची बेल बोलतेय. उदगीरला अश्वजितच्या दारावर माझं बटण आहे आणि आत स्वयंपाकघरात पिवळा दिवा. बटण दाबलं की दिवा लुकलुकतो. अश्वजित आणि त्याची बायको मनिषा दोघंही जन्मापासून बहिरे, म्हणून त्यानं मला स्वतःच्या हातानं बसवलं. मला आवाज नसला तरी ऐकू मात्र सगळं येतं.

आणि या घरात ऐकण्यासारखं पुष्कळ आहे, कारण अश्वजितची आई धुरपताबाई. मुलाशी बोलताना त्यांचा आवाज असा चढतो, जणू तो पल्याडच्या शेतात उभा आहे. खुणांची भाषा त्या शिकल्याच नाहीत. दुभाष्याचं काम त्यांचे पती आनंदराज करतात. ते एसटीतले निवृत्त कंडक्टर. भांडणारे प्रवासी शांत करण्यात हयात गेली. सासू म्हणाली, "भाजीला चवच न्हाई," की ते सुनेला खुणेनं सांगत, "भाजी पचायला हलकी झालीय."

मग महामाया जन्मली. लातूरला तपासणी झाली. तिलाही ऐकू येत नव्हतं. आईबाप पेढे घेऊन परतले. मनिषाचे हात नाचत होते : आपल्यासारखीच आहे.

"पेढे कशाचे वाटायलात?" धुरपताबाई कडाडल्या. "लेकराला ऐकू येत न्हाई म्हणून?"

आनंदराजांनी खूण केली, "आई म्हणते, पेढे ताजे आहेत."

डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन करून कानात यंत्र बसवता येईल, पण लवकर ठरवा. धुरपताबाईंचं ठरलेलंच होतं : "नातीनं मला आजी म्हणायला पायजे." अश्वजित आणि मनिषाचं म्हणणं, पोरगी आजारी नाही, तिला कापायचं कशाला? आनंदराज दोन्हीकडे गोड गोड पोचवत राहिले. त्यामुळे आजींना वाटलं सून तयार आहे, आणि सुनेला वाटलं सासूनं नाद सोडला.

एका सकाळी धुरपताबाई लातूरला जायची पिशवी भरून दारात उभ्या राहिल्या. मनिषानं पिशवी पाहिली, सासऱ्यांपुढे येऊन ठाकली आणि खुणेनं म्हणाली, "आज जसंच्या तसं सांगा."

आनंदराजांनी उपरण्यानं कपाळ पुसलं.

"शाळेत खुणेनं बोलायला हात हलवला की मला पट्टी बसायची," मनिषाचे हात सांगत होते आणि आनंदराज बोलत होते. "मी यंत्राला भीत नाही. ती तुमच्यासारखी बोलेल, सगळे कौतुक करतील, अन् हळूहळू ती माझ्या हातांकडं बघायचं सोडून देईल. तुम्ही तरी पोटच्या पोराच्या हातांकडं कधी बघितलंत?"

शेवटचं वाक्यही त्यांनी गाळलं नाही.

धुरपताबाई खाली बसल्या. पिशवी बाजूला सारली. मग नवऱ्याला हळूच म्हणाल्या, "'मला शिकीव' कसं म्हंतेत ओ?"

त्यांनी दाखवलं. आजींनी सुनेकडे वळून तेच केलं, पण हात भलतीकडेच, तोंडाकडे गेले. मनिषा गोंधळली, आत गेली आणि जेवणाचं ताट वाढून घेऊन आली. पुरती गोष्ट कळल्यावर हसता हसता तिचे डोळे भरले.

त्या दिवसापासून आजी सुनेकडून खुणा शिकू लागल्या, तसा पोरगी आपले हात विसरणार नाही असा मनिषाला भरवसा वाटू लागला. काही महिन्यांनी, चौघांच्या मतानं, ऑपरेशन झालं.

आता महामाया चार वर्षांची आहे. कानामागे यंत्र, डोक्याला चिकटलेलं चुंबक. तोंडातले शब्द अजून अडखळतात, हातातले मात्र धावतात. आजींचा आवाज चढला की ती सरळ यंत्र काढून ठेवते. मग आजींना हातांनीच बोलावं लागतं. सासू-सून हल्ली दुभाष्याशिवाय भांडतात. आनंदराज निवांत चहा पितात.

पाहुणे म्हणतात, पोरीला ऐकू येतंय तर गाणारी बेल बसवा. अजून कुणी मनावर घेतलेलं नाही. माझा दिवा फोडणीच्या धुरानं काळवंडलाय, कुणी पुसला तर बरं. तुम्ही कधी आलात तर दार ठोकू नका. बटण दाबा आणि थोडा दम धरा. आत धुरपताबाई काहीतरी सांगत असतील, आणि हातांनी त्यांचं एक वाक्य पुरं व्हायला अजून बराच वेळ लागतो.