चौथी कडी

मित्रांनो, तुमच्यापासून सातासमुद्रापार, सार्ची गावाच्या उतारावर आंब्याखाली जी जुनी बैलगाडी उभी दिसते, ती मी. माझा केशरी रंग उडाला आहे आणि साट्याच्या फळ्यांवर कोंबड्या बसतात; पण माझी चाके अजून सरळ आहेत. ती सरळ का राहिली, हे सांगावे असे फार दिवस मनात होते.

मला निकानोर सुताराने घडवले. माझ्या चाकांना आरे नाहीत. प्रत्येकी सोळा लाकडी पाचरी एकमेकींना बिलगवून त्याने ती भरीव चाके जुळवली आणि त्यांवर तापवून लालबुंद केलेली लोखंडी धाव आवळली. त्याआधी लाकूड वर्षभर वाळू दिले. गाडीवान एलाद्यो दर रविवारी चर्चमधून परतताना डोकावत असे.

"काका, लग्न ठरलं तेव्हा गाडी सांगितली होती. आता बायकोला दिवस गेलेत!"

"मग तिलाच विचार, घाई करून चालतं का," निकानोर रंधा न थांबवता म्हणाला.

मी तयार झाले तरी त्याने मला सोडले नाही. आमच्याकडे प्रत्येक गाडीला स्वतःचा नाद असतो. चालताना चाक आसावर मागेपुढे सरकते आणि टोकाच्या लोखंडी कडीवर आदळते. तो नाद ओळखून घरची माणसे कॉफीचे आधण ठेवतात. निकानोरने ती कडी तीनदा बदलली. चौथी वाजली, तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले.

"आता ही हजार गाड्यांत ओळखू येईल. ने."

पावसाळ्याच्या अखेरीस एका सकाळी एलाद्योच्या बायकोला, राफाएलाला, वेळेआधीच कळा सुरू झाल्या. सुईण हाकोबामावशी नदीपलीकडे राहत असे. दर पुरानंतर पाण्यातली वाट बदले आणि ती तिलाच ठाऊक असे. "तुझी गाडी वाजली की मी काठावर येते," असे तिने सांगून ठेवले होते.

पण गोंधळलेल्या एलाद्योला वाटले, या खणखणाटाने राफाएलाला त्रास होईल. त्याने दोन्ही बाजूंना चाक आणि कडी यांच्यामध्ये कातडे कोंबले. जन्मात पहिल्यांदा मी मुकी झाले.

नदीवर दाट धुके होते. एलाद्योने हाका मारल्या; त्या पाण्याच्या घोंगावण्यात बुडाल्या. बैल पाय रोवून उभे राहिले. राफाएलाने साट्यातून मान उचलली.

"अहो, गाडी गप्प का?"

"तुला त्रास नको म्हणून कातडं कोंबलंय."

"अरे देवा! मग मावशीला काय स्वप्न पडणार आहे? काढा ते आधी!"

त्याने कातडे उपसून फेकले आणि मला काठावर पुढेमागे हाकले. मी जीव तोडून वाजले. पलीकडून आवाज आला, "एलाद्यो, डावीकडून घाल! उजवीकडे खड्डा पडलाय. आणि एवढा वेळ गुपचूप काय आलास, गाडी चोरलीस की काय?"

नदीच्या मध्यावर माझे एक चाक धोंड्यावर चढले. सगळा भार त्या एकट्यावर आला. एखादी पाचर जरी न वाळलेल्या लाकडाची असती, तर चाक उकलले असते आणि राफाएला पाण्यात गेली असती. मी कण्हले. पण सोळांतली एकही पाचर हलली नाही.

दुपारपर्यंत मुलगी झाली. "आवाज ऐक पोरीचा, गाडीवर गेलाय!" मावशी म्हणाली. एलाद्यो माझ्या चाकाला टेकून हसता हसता रडला.

रविवारी तो निकानोरकडे गेला. "काका, वर्षभर तुम्हाला नावं ठेवली हो."

"ठेव की. चाक हललं नाही ना?"

पुढे ट्रक आले आणि मी आंब्याखाली आले. ती मुलगी, ओतिल्या, आता पिकल्या केसांची झाली आहे. पावसाळ्यापूर्वी ती आसाला चरबी लावते आणि नातवंडांसह मला चार पावले ढकलते. नाद थेट नदीपर्यंत जातो.

मित्रांनो, तुमच्याही घरी असे काही जुने उभे असेल. त्याला मोडीत काढण्यापूर्वी एकदा हात लावून पाहा. कुणीतरी त्याच्यासाठी चौथ्या कडीपर्यंत थांबलेले असेल.