टिकलीच्या पायातली सावली

उतारेमहाराजांच्या मठासमोर त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. हुडकेश्वरच्या पुढे प्लॉट संपून तुरीची शेतं सुरू होतात, तिथे एका टिनाच्या शेडखाली महाराज बसत. कुणाचा गुडघा, कुणाचा गाल, कुणाचं पोट, जे सुजेल ते उतरवायचं हे त्यांचं काम. त्या दिवशी माणसांच्या रांगेत एक कोवळी घोडी उभी होती. बदामी अंग, कपाळावर पांढरा ठिपका. तिचं नाव टिकली.

टिकली आमच्या गल्लीतल्या भैयाजींची. त्यांचा धंदा वरातीच्या घोड्यांचा. त्यांची मुलगी गुंजन कॉलेजात शिकते, आणि टिकली जन्मली तेव्हापासून तिच्याच हातून खाते. मी जनावरांची डॉक्टर. टिकलीचे पाय सुजलेत म्हणून सकाळी गुंजननेच मला बोलावलं होतं. मी पोचेपर्यंत भैयाजी घोडीला घेऊन मठाकडे निघालेसुद्धा होते. म्हणून मी मागोमाग तिथे गेले.

"अरे पगल्या, ही सूज नाही, सावली आहे! काळी!" महाराज ओरडत होते. "मांगच्या पायानं चढते अन् छातीत जाऊन बसते. डॉक्टर काय करन? त्याले सावली दिसते का? मी तिले फक्त म्हणतो, उतर! तिची काय हिंमत नाही उतरायची!"

सावलीला मराठी समजत असावी, हिंदीही समजत असावी, कारण महाराज दोन्ही भाषांत तिला दम देत होते. त्यांनी टिकलीच्या मागच्या दोन्ही पायांना पिवळा लेप लावला. पिंपळाभोवती तिला बराच वेळ फिरवायला लावलं. मग तांब्याच्या कलशातलं पाणी लेपावर ओतलं. पाणी लालभडक होऊन खाली ओघळलं.

"रक्त वं माय!" बाया किंचाळल्या. "सावलीचं रक्त!"

आणि सूज खरंच उतरली होती. भैयाजी महाराजांच्या पायांवर पडले.

परतताना मी त्यांना म्हटलं, "भैयाजी, लग्नसराई संपल्यापासून टिकली दावणीला उभी आहे. तरुण घोडं असं एका जागी उभं राहिलं की मागच्या दोन्ही पायांत पाणी साचतं. पाय थंड असतात, दुखत नाहीत, आणि चालवलं की सूज ओसरते. तुम्ही तिला घरापासून चालवत आणलं, पिंपळाभोवती फिरवलं. त्यानंच सूज गेली. रोज फिरवत जा, म्हणजे पुन्हा येणार नाही."

"अन् ते रक्त?"

"ते पाणी जवळून बघायला मिळालं असतं तर सांगितलं असतं. महाराज कुणाला जवळ येऊ देत नाहीत. पण एक लक्षात ठेवा. एकच पाय सुजला, हाताला गरम लागला, घोडी लंगडू लागली, ताप आला किंवा तिनं खाणं सोडलं, तर ती साधी सूज नव्हे. त्याच दिवशी मला बोलवायचं."

भैयाजी हसले. "मॅडम, तुमचं बराबर असन. पण म्या डोळ्यानं पाहिलं न."

पुढे काही आठवड्यांनी टिकलीचा डावा मागचा पाय कुंपणाच्या तारेत अडकला. जखम एवढीशी होती, केसांत दिसेनाशी झाली. दुसऱ्या सकाळी तो एकच पाय खांबासारखा झाला होता. गुंजन वडिलांना म्हणाली, "बाबा, मॅडमले बोलावू." भैयाजी म्हणाले, "मागच्या बारीले उतरली होती न? मंग काहून घाबरतं?"

लंगडणाऱ्या टिकलीला त्यांनी मठापर्यंत चालवत नेलं. तिथे पुन्हा लेप, पुन्हा फेऱ्या, पुन्हा लाल पाणी. सूज मात्र तसूभरही हलली नाही. महाराज म्हणाले, "मोठी सावली आहे, वेळ लागन. अन् याद ठेव, सुई लावली तर वर चढन, काळजात जाईन." रोज लावायला त्यांनी लेपाचा डबा दिला, धुवायला पाण्याची बाटली दिली. गुंजननं पुन्हा मला बोलवायचं म्हटलं, पण भैयाजींनी सुई लावू दिली नाही. घोडीवर त्यांचा जीव होता, म्हणूनच लावू दिली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी गुंजन माझ्या दारात आली. "मॅडम, टिकली उठत नाही," ती म्हणाली. मी पिशवी उचलून धावले.

टिकली आडवी पडली होती. पायाची कातडी फुटून पू वाहत होता, अंग भाजत होतं, श्वास भात्यासारखा चालला होता. जखमेतलं विष रक्तात पसरलं होतं. मी सलाइन लावलं, इंजेक्शनं दिली, आमच्या कॉलेजातल्या सरांना फोन करून विचारलं. ते एवढंच म्हणाले, "ही इंजेक्शनं पहिल्या दिवशी हवी होती गं." गुंजन तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. भैयाजी ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसत होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, "ऊठ वं बेटा, ऊठ न." संध्याकाळी टिकलीनं एकदा मान उचलायचा प्रयत्न केला. मग मान खाली गेली ती गेलीच.

तिला पुरून आल्यावर घरात कुणी चूल पेटवली नाही. मी बसून होते. गुंजननं लेपाचा डबा उघडून वास घेतला आणि माझ्यापुढे धरला.

"मॅडम, ही हळद आहे."

मी बाटलीतलं पाणी बोटाला लावून बघितलं. बोट बुळबुळीत झालं, चुन्याचा वास आला. पानाला लावतात तो चुना पाण्यात कालवून ठेवला, की वर जी नितळ निवळी येते, ती. गुंजननं बशीत चिमूटभर लेप घेतला आणि त्यावर पाणी टाकलं. बशी लाल झाली.

भैयाजी दारात उभे होते. त्यांनी बशी हातात घेतली. "एवढंच होतं?" ते म्हणाले. "माह्या टिकलीसाठी एवढंच?" मग ते भिंतीला टेकून खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले.

पुढच्या रविवारी ते मठात गेले. मी आणि गुंजन सोबत होतो. रांगेत पहिलीच पंचफुलाबाई नावाची एक बाई होती, साठीची. सुजलेला पाय उचलून धरत एका पायानं ऑटोतून कशीबशी उतरली होती. महाराजांनी लेप कालवला होता, कलश तयार होता. भैयाजी रांग मोडून पुढे गेले, लेपात हात बुडवला आणि कलशातलं पाणी स्वतःच्या हातावर ओतलं. हात लाल झाला.

"पाहून घ्या!" ते ओरडले. "माह्या हातावर कोणाची सावली आहे? हळद अन् चुना आहे हा! माही घोडी मेली याच्यात!"

"श्रद्धा नव्हती तुही!" महाराज गरजले. "म्हणून मेली!"

"श्रद्धाच होती," भैयाजी म्हणाले. "तेच तर चुकलं."

दोघा-तिघांनी त्यांना ढकललं, एकानं शिवी दिली. भैयाजी हलले नाहीत. ते पंचफुलाबाईजवळ बसले. "मावशी, एकच पाय सुजला का? गरम लागते? ताप आहे?"

"हो गा," ती म्हणाली. "दोन दिवसापासून अंगबी फणफणून राहिलं."

"मंग येथी एक मिनिट नका थांबू. चला, मी येतो संगं."

अर्धी गर्दी तिथेच बसून राहिली, हे खरं आहे. पण पंचफुलाबाई ऑटोत बसली आणि दवाखान्यात पोचली. तिचा पाय वाचला.

भैयाजी मला अजून विचारतात, "पण मॅडम, पहिल्या बारीले तर सूज उतरली होती न, म्या पाहिली होती." हो, उतरली होती. त्यांनी सूज उतरताना पाहिली, ती कशानं उतरली ते पाहिलं नव्हतं. आपल्या सगळ्यांचं असंच होतं. म्हणून चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एक प्रश्न विचारा: हे कशानं झालं? आणि प्रश्न विचारू न देणाऱ्याच्या दारात आपलं माणूस, आपलं जनावर घेऊन जाऊ नका.