पाटीवरचा माणूस

जयवंतरावांच्या पोटात दुखायला लागलं ते बाईंच्या पहिल्याच तासाला. बाई म्हणजे प्राची. वय वर्षं एकोणतीस, राहणार तरसाली, वडील रिफायनरीतून निवृत्त. विषारी वायू गळाला, रसायनाचा टँकर उलटला, तर अग्निशमन दलाच्या जवानांनी काय करायचं आणि काय करायचं नाही, हे शिकवायला तिला नेमलं होतं. पंचाईत एवढीच, की हाच वर्ग जयवंतराव गेली अठरा वर्षं घेत होते. वर्ग कसला, त्यांचं संस्थानच ते. आणि त्या संस्थानाला न विचारता कोणीतरी परस्पर दत्तक वारस आणून गादीवर बसवला होता.

जयवंतरावांचा पहिला धडा ठरलेला. वायू नाकाला कळला पाहिजे. लांबून एक हलका श्वास घ्यायचा आणि सांगायचं, हा अमोनिया, हा क्लोरीन. एकदा त्यांनी असाच क्लोरीन ओळखला होता आणि पुढे सहा दिवस खोकत होते. तो खोकला ते पदकासारखा मिरवायचे. प्राचीनं पहिल्याच तासाला सांगितलं, "नाकानं वायू ओळखणारा शूर नसतो, तो पहिला बळी असतो. लांब थांबा, वारा पाठीवर घ्या, दुर्बिणीनं टँकरवरचा रसायनाचा नंबर वाचा."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. एक जण तर गुजरातीत दाद देत ओरडला, "शुं वात छे, बेन!" अठरा वर्षांत जयवंतरावांना कोणी "शुं वात छे" म्हटलं नव्हतं.

चहाच्या वेळी कोणीतरी तिला जयवंतरावांच्या नाकाच्या धड्याबद्दल सांगितलं असावं. ती कप तसाच ठेवून धावत आली. "काका, खरंच माहीत नव्हतं हो मला. तुमच्यावर नव्हतं बोलले मी." जयवंतराव हसून "अगं, चालायचंच" म्हणाले. आत मात्र भडका उडाला होता. टोमणा मारला असता तर परत मारता आला असता. माफी मागणाऱ्या माणसाचं काय करायचं?

रावपुऱ्यातल्या घरी बायकोला, सुनंदाबाईंना, हे सगळं सांगितलं, तर त्यांनी भलताच सूर लावला. "पोरगी चांगली दिसते. चूक कळल्यावर आली की नाही लगेच?"

"तूही जा तिच्या पार्टीत."

"ओवा देऊ का? पोटात दुखतंय ना तुमच्या?"

जयवंतरावांनी ताट पुढे सरकवलं आणि ते उठले. थट्टेवारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती ती. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. नवीन प्रशिक्षण केंद्र उघडणार होतं आणि त्याला एक मुख्य प्रशिक्षक हवा होता. काल-परवापर्यंत त्या जागेसाठी एकच नाव होतं, आता दोन झाली होती. मे महिन्यात मोठा सराव व्हायचा होता. तो बघायला साहेब येणार होते, आणि बघूनच ठरवणार होते.

सरावात प्राचीनं जयवंतरावांना कुठं ठेवावं? तर पाटीवर. तिच्या पद्धतीत धोक्याच्या जागेबाहेर एक माणूस पाटी घेऊन बसायचा. आत कोण गेलं, किती वाजता गेलं, पाठीवरच्या नळकांड्यात हवा किती होती, हे त्यानं लिहायचं. पंधरा मिनिटं झाली, की वॉकीटॉकीवर बोलावून घ्यायचं. आतल्यानं काम अर्धं टाकून निघायचं, कारण बाहेर आल्यावर फवाऱ्याखाली अंग धुवून मगच पोशाख उघडता येतो, आणि तेवढ्यासाठी हवा शिल्लक लागते. आतला माणूस कामाच्या नादात वेळ विसरतो, म्हणून त्याचा जीव बाहेरच्याच्या घड्याळावर.

"पाटीवर सगळ्यात भरवशाचं माणूस लागतं, काका," प्राची म्हणाली.

जयवंतरावांनी त्यातून एवढंच ऐकलं, की आपल्याला कारकून केलं.

सरावाच्या दिवशी सकाळी अकरालाच मैदान तापलं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये एक जुना टँकर उभा केला होता. गळतीच्या जागी निरुपद्रवी रंगीत धूर सोडला होता. साहेब मंडपात लिंबूपाणी पीत बसले होते. प्राची आणि अनिश नावाचा जवान डोक्यापासून पायापर्यंत बंद असलेले हिरवे पोशाख चढवून शेडमध्ये शिरले. जयवंतरावांनी पाटीवर लिहिलं, अकरा वाजून दोन मिनिटं.

मंडपातून आवाज ऐकू येत होते. "मुलगी तयारीची आहे." "हो, हिलाच द्यायला हवं." जयवंतरावांचा खडू हातातच मोडला. शेडच्या दारातून ती दिसत होती, टँकरच्या वाल्व्हवर वाकलेली, अनिशला हातानं खुणा करणारी. कालची पोर! आयत्या बिळावर नागोबा! अठरा वर्षं आपण घासायची आणि हिनं येऊन वाहवा घ्यायची.

अकरा वाजून सतरा मिनिटांवर काटा गेला तेव्हा पंधरा मिनिटं पूर्ण झाली होती. वॉकीटॉकी हातात होता. बोट बटणावर होतं.

त्यांनी दाबलं नाही.

हवा संपत आली, की नळकांड्याची शिट्टी वाजते. ती वाजू दे, त्यांच्या मनात आलं. साहेबांच्या देखत वाजू दे. शिकवणारीच आत अडकली म्हणजे कळेल सगळ्यांना, हिची विद्या किती खोल आहे ते. धूर तर खोटाच आहे, कोणी मरत नाही. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. जयवंतरावांना लाज वाटत होती, आणि लाजेबरोबर गोड गुदगुल्याही होत होत्या. त्या गुदगुल्यांसाठी त्यांनी तिसरं मिनिटही जाऊ दिलं.

मग शेडमधून शिट्टी ऐकू आली. एक नाही, दोन.

"बाहेर या!" ते ओरडले. "बाहेर या दोघंही!"

प्राची बाहेर आली ती अनिशला ओढतच. फवाऱ्यापर्यंत त्याचे पाय चालले आणि तिथं तो गुडघ्यांवर कोसळला. धूर खोटा होता, पण त्या बंद पोशाखातला उकाडा खरा होता. पोरं जागच्या जागी थिजली. धुतल्याशिवाय पोशाख उघडायचा नाही, हे बाईंनीच शिकवलं होतं ना! जयवंतराव पाटी टाकून धावले. त्यांनी चेन खेचली. ती अडकली. दातओठ खाऊन त्यांनी पुन्हा हिसडा दिला आणि अनिशचं डोकं बाहेर काढलं. चेहरा लालबुंद, डोळे फिरलेले. बादलीभर पाणी ओतल्यावर तो ओकला आणि क्षीण आवाजात म्हणाला, "काका, पाणी आपो ने." शेजारी उभ्या असलेल्या रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी त्याला तपासलं, सलाईन लावलं, आणि थोडक्यात वाचला म्हणाले.

पोशाखातून बाहेर पडल्यावर प्राचीनं जयवंतरावांचा हात धरला. "तुम्ही होतात म्हणून, काका."

त्यापेक्षा तिनं कानाखाली वाजवली असती तरी चाललं असतं.

सराव संपल्यावर सगळ्यांनी सावलीत गोल करून बसायचं, ही प्राचीची आणखी एक पद्धत. प्रत्येकानं आपली चूक सांगायची, फक्त आपली. दुसऱ्याच्या चुकीवर कोणी चकार शब्द बोलायचा नाही, म्हणजे लपवायची कोणाला भीती राहत नाही. साहेबही त्या दिवशी खुर्च्या ओढून मागे बसले.

सुरुवात तिनंच केली. "मोठी चूक माझी. हवेचा काटा मी एकदाही बघितला नाही. अनिशनं दोनदा काट्याकडे बोट दाखवलं. मी त्याला म्हटलं, काम कर, बाहेर जयवंतकाका आहेत."

मग वॉकीटॉकीच्या बॅटरीची जबाबदारी असलेला जवान म्हणाला, "बॅटरी मी सकाळी तपासली नव्हती. त्यामुळेच काकांचा आवाज पोचला नसेल." सगळ्यांनी माना हलवल्या. एका साहेबांनी ते कागदावर लिहूनही घेतलं. जयवंतरावांसमोर दार सताड उघडलं होतं. मान डोलावली की सुटले, आणि शिवाय अनिशचा जीव वाचवणारा माणूस म्हणून नाव झालं असतं ते वेगळंच. मुख्य प्रशिक्षकाची जागा त्यांना अगदी हाताशी दिसली.

त्यांची पाळी आली. बॅटरीवाल्या पोराचा चेहरा रडवेला झाला होता.

"बॅटरी ठीक होती," जयवंतराव म्हणाले. "आवाज पोचला नाही, कारण मी बोलावलंच नाही. घड्याळ बघत होतो. तीन मिनिटं बघत बसलो."

मागे लिहून घेणाऱ्या साहेबांनी पेन थांबवलं.

"शिट्टी वाजावी, साहेबांनी ऐकावी आणि हिची फजिती व्हावी, म्हणून. मला बघवत नव्हतं हिचं." त्यांनी प्राचीकडे बघायचा प्रयत्न केला. "अनिशचा विचार मनातच आला नाही. ही माझी चूक."

कोणीतरी शिवी द्यावी, उठून अंगावर यावं, असं त्यांना फार वाटत होतं. पण नियम होता, आणि तो पोरांच्या अंगवळणी पडला होता. मागे एका साहेबांनी तोंड उघडलं, तर प्राचीनं हात वर करून त्यांनाही थांबवलं. तिचे डोळे भरले होते. तिनं जयवंतरावांकडे पाहिलं नाही.

"पुढचं कोण?" ती म्हणाली.

शेजारचा जवान पाण्याच्या पाईपला पडलेल्या पिळाबद्दल सांगू लागला. अजून नऊ जण बाकी होते, आणि सगळ्यांचं होईपर्यंत उठता येत नव्हतं. जयवंतराव बसून राहिले.